आत्याची अदर्शनी दाढ

दात हे मुळात दाखवण्यासाठी असतात. ही गोष्ट मानवजातीच्या लक्षात यायला फार उशीर झाला. कित्येक पिढ्या माणसं दातांनी नुसती चावत राहिली, आणि जन्मभर चावूनही त्यातल्या बहुतेकांनी आपले दात कुणाला नीट दाखवले नाहीत. पुढे शास्त्राने प्रगती केली. घरोघरी मिक्सर आले, बाजारात सगळं मऊ मिळायला लागलं, आणि गिळायला काही दात लागत नाहीत. तेव्हा कुठे दात मोकळे झाले आणि आपल्या खऱ्या कामाला लागले.

आमच्या घराला हे ज्ञान 'कौटुंबिक हास्यसौख्य योजने'मुळे झालं. मी या घराचा जावई. घरजावई म्हणालात तरी चालेल, राग येत नाही (आधी यायचा). माझ्या मेहुण्याला घरात दादा म्हणतात. तो एका कंपनीच्या विक्री विभागाचा प्रमुख आहे. त्या कंपनीच्या वरिष्ठांनी बराच विचार करून असं ठरवलं, की गिऱ्हाइकाचा विश्वास अधिकाऱ्याच्या हसण्यावर अवलंबून असतो आणि अधिकाऱ्याचं हसणं घरच्यांच्या हसण्यावर. मग एका नव्याकोऱ्या दातांच्या दवाखान्याशी करार झाला. त्याला दवाखाना म्हणायचं नाही. स्मितकेंद्र म्हणायचं. दवाखान्यात आजारी माणसं जातात.

योजनेचे नियम सुटसुटीत होते आणि ते ज्याने लिहिले त्याच्या बुद्धीची मला आजही कमाल वाटते.

(एक) कुटुंबातील सर्वांनी भाग घेणे बंधनकारक राहील. एक सभासद पिवळा राहिल्यास संपूर्ण कुटुंब पिवळे धरले जाईल.

(दोन) उपचार फक्त दर्शनी दातांवर केले जातील. हसल्यावर कॅमेऱ्यात येतो तो दर्शनी दात. उरलेले अदर्शनी.

(तीन) योजनेच्या काळात कोणाही सभासदाने बाहेरच्या डॉक्टरपुढे तोंड उघडल्यास सर्वांच्या दातांची हमी रद्द होईल.

(चार) कॅमेऱ्यात आलेले हसू केंद्राच्या मालकीचे राहील.

आता आमच्या घरात एक आत्या आहेत. सासऱ्यांची थोरली बहीण. सासरे गेले, आत्या राहिल्या. सासूबाई नोकरीवर जायच्या तेव्हा दादाला आणि माझ्या बायकोला यांनीच वाढवलं, आणि घरातलं प्रत्येक माणूस आजही त्यांच्याच हातचं जेवतं. या बाईंनी कधी कुणाकडे काही मागितलेलं मला तरी आठवत नाही. मागितली ती एकच गोष्ट, आणि नेमकी योजना आली त्याच आठवड्यात. त्यांची दाढ ठणकायला लागली होती. उजवीकडची, खालची, शेवटून दुसरी. ती कुणीतरी काढून द्यावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"अगं आत्या, आता तर आपलं सगळ्यांचंच होणार आहे," दादा म्हणाला. "मोठमोठी मशिनं आहेत तिथे. जरा दम धर की."

आत्यांनी दम धरला. दम आणि गाल, दोन्ही धरले.

स्मितकेंद्राच्या बैठकीची खोली इतकी पांढरी होती, की सोफ्यावर बसण्याआधी माणसं उगाच कपडे झटकत होती. भिंतीवर एक पाहणी लावली होती. तिच्यानुसार शंभरातले नव्व्याण्णव लोक आपल्या हसण्याबद्दल असमाधानी असतात. (शंभरावा गालाला हात लावून बसला होता, त्याने उत्तर दिलं नाही.) शेजारी पांढऱ्या रंगाच्या छटा मांडल्या होत्या: दुधी, मोतिया, शुभ्र, अतिशुभ्र, आणि शेवटी एक बिननावाची छटा, जिच्याकडे नाव सुचेपर्यंत बघत राहणं कुणाला जमलं नव्हतं. दादाने ती निवडली.

आमच्या स्वागताला एक स्मित सल्लागार होती. तिचे ओठ मिटलेले मी शेवटपर्यंत पाहिले नाहीत. तिने एकेकाला कॅमेऱ्यापुढे बसवून हसायला सांगितलं. दादा हसला, सासूबाई हसल्या, बायको हसली, मीही हसलो. कोणी काही विनोद केला नव्हता. मग आत्यांची पाळी आली.

"हसा हं."

"दाढ दुखतेय हो माझी."

"ते बघूच. आधी हसा."

आत्या हसल्या. आत्यांचं हसणं म्हणजे ओठ मिटून, वर हाताचा पंजा तोंडासमोर. डोळ्यांवरूनच काय ते कळायचं. कॅमेऱ्याने क्लिक केलं, संगणकाने थोडा विचार केला आणि निकाल दिला: दर्शनी दात, शून्य.

"अभिनंदन!" सल्लागार म्हणाली. "तुमच्या आत्यांना कुठल्याच उपचाराची गरज नाहीये."

"अहो, पण दुखतंय त्यांना," बायको म्हणाली.

"कुठला दात?"

आत्यांनी गालावरून बोट दाखवलं.

"तो आम्हाला दिसत नाहीये, मॅडम."

"तोंड उघडलं की दिसेल ना!"

"तोंड उघडणं म्हणजे हसणं नाही, मॅडम."

खरं सांगायचं तर युक्तिवाद बिनतोड होता. आम्ही आत्यांना घेऊन परत आलो.

घरी जेवणाच्या टेबलाशी बैठक बसली. मी एक सूचना मांडली, की कोपऱ्यावरच्या कुठल्याही दातांच्या डॉक्टरकडे जाऊन दाढ उपटून घ्यावी. माझ्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं, की जणू मी घर विकायला काढलंय. "आणि सगळ्यांची हमी घालवायची?" दादाने विचारलं. "एका दाढेसाठी? तीही न दिसणाऱ्या?" जावयाला मत असतं आणि ते ऐकून घेण्याची पद्धतही असते. तेवढं ते झालं.

दादाने मग प्रश्नाच्या मुळाशी हात घातला. दाढ केंद्राला दिसत नाही, कारण आत्या पुरेसं हसत नाहीत. म्हणजे चूक केंद्राची नव्हेच. आत्या जर शेवटून दुसऱ्या दाढेपर्यंत हसल्या, तर दाढ दर्शनी होईल. दर्शनी झाली की तिच्यावर उपचार होतील. त्यासाठी करायचं काय, तर फक्त सराव.

"वन्सं, तुम्ही जरा मनापासून हसतच नाही," सासूबाई म्हणाल्या. "आधीपासूनच तुमचं तसं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कपाटाच्या आरशापुढे आत्यांची शिकवणी सुरू झाली. दादा त्यांना ऑफिसातले विनोद सांगायचा. ते ऐकून हसण्याचा पगार त्याच्या हाताखालच्या माणसांना मिळतो, आत्यांना मिळत नव्हता, त्यामुळे प्रगती बेताची होती. मग विनोद सोडून नुसता जबडा उघडण्यावर भर देण्यात आला.

"अरे, आ केला की कळ पार डोक्यात जाते," आत्या म्हणायच्या.

"म्हणून तर करायचंय आत्या! उपचार व्हायला नकोत का तुला?"

म्हणजे दाढ दुखायची थांबावी यासाठी ती रोज दुखवणं भाग होतं. ज्याला हे पटत नसेल त्याने स्मितकेंद्राकडे लेखी कळवावं, तिथे तक्रारपेटी आहे. तीही पांढरी आहे, आणि तिला फट नाही.

तोवर आमचे उपचार पार पडले. आमचे समोरचे धडधाकट दात तासून त्यांचे खुंट करण्यात आले आणि त्यांच्यावर बिननावाच्या छटेचे पापुद्रे चिकटवण्यात आले. घरी येऊन आरशात पाहिलं, तर कोणीतरी परका माणूस मला बघून फार खूश झाला होता. निघताना सल्लागाराने पथ्यं सांगितली. सफरचंद चावायचं नाही. गाजर, शेंगदाणे, टोस्ट, कडक बिस्किट वर्ज्य. नख कुरतडायचं नाही, दोरा दाताने तोडायचा नाही, चहाने डाग पडतात, कॉफीने जास्त पडतात. थोडक्यात, दातांना दातांचं काम सांगायचं नाही.

आम्ही पथ्यं काटेकोर पाळली. सासूबाई चहा नळीने प्यायला लागल्या. दादासारखा दादा, सहा फुटी गडी, पण केळं चमच्याने खायचा. टेबलाभोवती चार शुभ्र माणसं बसायची आणि चौघंही गिळायची, आणि हे सगळं मऊ शिजवून, कुस्करून, गाळून आमच्यापुढे ठेवणाऱ्या आत्या गाल धरून उभ्या असायच्या. लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेखाली धरल्यामुळे त्यांना कशाची चव कळेनाशी झाली होती. मीठ कधी दुप्पट पडायचं, कधी पडायचंच नाही. त्याबद्दल मात्र घरात लगेच तक्रार व्हायची.

एकदा मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तर आत्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. गाल चांगलाच सुजला होता.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "मला कुठे मिरवायचंय हो? एक घास या बाजूने खायला मिळावा, एवढंच. मी फार मागतेय का?"

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. पण नवे दात असे बसवले होते, की ते चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

फेरमोजणीच्या दिवशी केंद्राचे मुख्य डॉक्टर जातीने हजर राहिले. आत्यांना खुर्चीत आडवं केलं. डोक्यावर दिवा, समोर कॅमेरा, आणि आम्ही सारे भिंतीला पाठ लावून शुभ्रपणे उभे.

"हसा, आई."

आत्यांनी जिवाच्या आकांताने ओठ फाकवले. संगणकाने समोरचे काही दात मोजले आणि तो थांबला. दाढ अजून पुष्कळ लांब होती.

"अजून, आत्या! थोडं अजून!" दादा मागून ओरडत होता. बंद पडलेली गाडी ढकलावी तसा त्याचा आवेश होता.

"जमत नाही रे बाबा," आत्या म्हणाल्या.

डॉक्टर शास्त्रीय वृत्तीचे होते. "नेमकी कुठली दाढ म्हणता?" असं विचारून त्यांनी ट्रेमधली एक पोलादी दांडी उचलली, आणि तिच्या मुठीने, अगदी सहज, उजवीकडच्या खालच्या शेवटून दुसऱ्या दाढेवर टक् केलं.

आत्यांचं तोंड उघडलं. असं उघडलं, की वरचे दात, खालचे दात, दाढा, अक्कलदाढा, टाळू, पडजीभ, जे जे म्हणून माणसाच्या तोंडात असतं ते सगळं दिव्याच्या उजेडात आलं. मान मागे गेली, डोळे घट्ट मिटले, दोन्ही कोपऱ्यांतून पाणी ओघळलं. बाहेरच्या सोफ्यावरची माणसं म्हणे उठून उभी राहिली. त्याच क्षणी क्लिक झालं.

फोटोत आवाज येत नाही, ही त्या कलेची फार मोठी सोय आहे.

संगणकाने निकाल दिला: दर्शनी दात, सर्व. हास्यगुण, शंभरपैकी शंभर. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "इतकं निर्मळ, इतकं मोकळं हसू मी माझ्या उभ्या कारकिर्दीत पाहिलं नाही," ते म्हणाले आणि त्यांनी दादाचा हात हातात घेतला. सल्लागाराने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी डोळे पुसले. दाढ पात्र ठरली होती.

पात्र ठरलेल्या दाढेवर ताबडतोब उपचार सुरू झाले. दर्शनी दाताला जे करतात ते सगळं. ती घासली, पांढरी केली आणि तिच्यावर बिननावाच्या छटेची चकचकीत कॅप बसवली.

"अहो, काढा हो ती!" आत्या कळवळून म्हणाल्या.

"काढायची?" डॉक्टर दुखावले. "आई, फोटोत आली आहे ती. तिथे आता खिंडार कसं चालेल?"

तर दाढ तिथेच राहिली. आतला ठणका तसाच आत, आणि वरून अशी देखणी, की दुखते म्हणून सांगितलं तर ऐकणाऱ्याने खोटं मानावं. घरात तसं मानलंही. "आता काय होतंय? इतकं चांगलं काम झालंय," सासूबाई म्हणायच्या. नळीतून म्हणायच्या.

पुढल्याच महिन्यात मोठ्या चौकात फलक लागला. नियम क्रमांक चार. समोरच्या इमारतीचे दोन मजले झाकतील एवढा आत्यांचा चेहरा: मान मागे, डोळे मिटलेले, तोंड वासलेलं, आणि दाढ एखाद्या फ्रिजएवढी. खाली ओळ होती, 'मनमोकळं जगा.' आम्ही सहकुटुंब बघायला गेलो. येणारी-जाणारी माणसं थांबून वर बघत होती आणि नकळत हसत होती.

"वन्सं, काय गोड आलाय फोटो! दहा वर्षांनी लहान दिसताय."

आत्या वर बघत राहिल्या. "मी ओरडतेय तिथे," त्या म्हणाल्या.

"ते कुठे कळतंय कुणाला!" दादा म्हणाला. त्याने हे आत्यांना धीर यावा म्हणून म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी आत्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मी एकटाच असताना त्या चपला घालून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "चला जावईबापू, जाऊन येऊ," एवढंच म्हणाल्या. कुठे ते मी विचारलं नाही.

टायरच्या दुकानावर एक दातांचा दवाखाना आहे. जिना अंधारा, बाक डुगडुगता, पंखा कुरकुरणारा. डॉक्टर वैतागलेला माणूस होता, एका कानाला फोन लावून कुणाशी तरी नळदुरुस्तीबद्दल भांडत होता. त्याचे स्वतःचे दात बघण्यासारखे नव्हते. फोन खाली न ठेवताच त्याने विचारलं, "कुठे दुखतंय?"

आत्यांना एकदम रडूच आलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. सगळ्यांनी 'हसा' म्हटलं होतं.

त्याने इंजेक्शन दिलं, कॅप फोडली, दाढ काढली आणि पुन्हा नळाच्या भांडणाला लागला. मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. नियम क्रमांक तीननुसार त्या क्षणी आमच्या अख्ख्या कुटुंबाच्या दातांची हमी रद्द झाली होती. मी जिभेने माझे चाचपून पाहिले. काही फरक जाणवला नाही.

जिना उतरताना आत्यांच्या तोंडात कापसाचा बोळा होता. खालच्या पायरीवर त्या थांबल्या, माझ्याकडे वळल्या आणि हसल्या. ओठ मिटून, पंजा तोंडासमोर. डोळे लकाकत होते. संगणकाने त्या हसण्याला शून्य गुण दिले असते.

वार्षिक पाहणीला आम्ही दोघं जरा धास्तावूनच गेलो. आता बिंग फुटणार, दादा आकाशपाताळ एक करणार, हे मी धरूनच चाललो होतो. पण केंद्राचं काम नियमाबाहेर जात नाही. सल्लागाराने हसायला सांगितलं, आत्या नेहमीसारख्या हसल्या, संगणक म्हणाला: दर्शनी दात, शून्य. आणि जो दात दर्शनी नाही, तो असला काय नि नसला काय, केंद्राला त्याच्याशी कर्तव्य नसतं. कुटुंब उत्तीर्ण झालं.

"बघ आत्या," दादा घरी येताना म्हणाला, "उगाच घाई करत होतीस. शेवटी केंद्रानेच बरी केली ना तुझी दाढ?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. हल्ली आम्ही टेबलाभोवती बसून आपापली पेज गिळतो तेव्हा त्या शेजारी बसून टोस्ट खातात. उजव्या बाजूने. कुर्रम कुर्रम असा आवाज येतो, आणि सासूबाई नळी बाजूला करून म्हणतात, "वन्सं, जरा हळू हो."

फलक मात्र चौकात तसाच आहे. केंद्राची भरभराट आहे. माणसं मोबाईलमध्ये आत्यांचा फोटो घेऊन येतात आणि सांगतात, की आम्हाला हसू हवं तर अगदी अस्सं हवं. केंद्र कुणाला नाही म्हणत नाही. ते हसू कसं आणायचं, हे डॉक्टरांना आता पक्कं ठाऊक झालंय.

परवा सिग्नलला तुम्हीही थांबला होतात. मी पलीकडच्या फुटपाथवर होतो, मला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. तुम्ही मान वर केलीत, शेजारच्याला कोपर मारून म्हणालात, "बघ, माणसाने हसावं तर असं!" मग गाडीच्या आरशात हळूच स्वतःचे दात पाहिलेत आणि फलकावरचा नंबर लावलात. शनिवारची वेळ मिळाली तुम्हाला, सकाळची. चांगली वेळ आहे, गर्दी नसते. घाबरायचं काही नाही. खुर्चीत आडवं व्हायचं, दिव्याकडे बघायचं, आणि तुमचं कुठे दुखतं ते डॉक्टरांना अगदी नेमकं सांगायचं. दांडी ट्रेमध्येच असते.